जिथे पाणी हाच हमरस्ता

नॉर्वेत टपालसेवा सुरू झाली १६४७ साली. तेव्हा ओस्लोचं नाव क्रिस्तियानिया होतं आणि तिथून पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन बंदराला निघालेलं पत्र काही अंतर पायी किंवा घोड्यावर आणि उरलेलं अंतर वल्ह्यांच्या होडीतून जायचं. टपाल पुढे नेण्याची जबाबदारी वाटेवरच्या शेतकऱ्यांवर टाकलेली होती. एका शेतकऱ्याने थैली आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत पोचवायची आणि तिथून पुढच्याने ती उचलायची. मध्ये फियोर्ड आलं की तोच शेतकरी नावाडी व्हायचा.

फियोर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि मागाहून समुद्राने भरलेली दरी. पश्चिम नॉर्वेचा भूगोल या एका गोष्टीने ठरवला आहे. सोग्नेफियोर्ड हे तिथलं सर्वांत मोठं फियोर्ड २०५ किलोमीटर आत शिरलेलं आणि सर्वाधिक खोल जागी १,३०८ मीटर खोल आहे. गंमत अशी की समुद्राला मिळतं तिथे ते बरंच उथळ आहे. हिमनदी किनाऱ्याला पोचेपर्यंत तिची जाडी आणि जोर दोन्ही कमी झाले, त्यामुळे तिथला तळ तितका खोल खणला गेला नाही. अशा प्रदेशात शेजारचं गाव डोळ्यांना दिसतं, पण जमिनीवरून तिथे जायचं तर अख्खा डोंगर ओलांडावा लागतो. शतकानुशतकं इथे माणसांना जोडलं ते पाण्याने, आणि अडवलं जमिनीने. त्या जुन्या टपालाची वाट साधारणपणे धरून, पण आगगाडी, बस, बोट, दोरीवरची गाडी अशी वाहनं बदलत मी ओस्लोहून बर्गनला आणि तिथून पुढे गेलो.

पहिला टप्पा बर्गन रेल्वेचा. बर्गन ते वॉस हा तुकडा १८८३ मध्येच झाला होता. पण डोंगराच्या माथ्यावरून थेट राजधानी गाठणारा पूर्ण मार्ग खुला व्हायला १९०९ उजाडलं. ओस्लो सोडल्यावर काही तास शेतं, तळी, सूचिपर्णी झाडं असा ओळखीचा युरोप दिसत राहतो. मग झाडं बुटकी होतात, विरळ होतात आणि एका उंचीनंतर संपतातच. पुढे सुमारे शंभर किलोमीटर गाडी उघड्या पठारावरून धावते. जून संपत आला होता तरी तळ्यांवर बर्फाचे तुकडे तरंगत होते. रुळांच्या कडेने लाकडी कुंपणं आणि छप्परं दिसतात. ती वाऱ्याने लोटलेलं हिम अडवण्यासाठी असतात. इथे रूळ टाकण्यापेक्षा हिवाळाभर ते मोकळे ठेवणं जास्त कठीण होतं.

फिन्से हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्थानक, समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटरवर. तिथे आजही मोटाररस्ता पोचलेला नाही. दुकानाचा माल, आजारी माणूस, पाहुणे, सगळं रेल्वेनेच ये-जा करतं. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेआधी शॅकल्टन या ध्रुवसंशोधकाने १९१४ मध्ये आपल्या सामानाची परीक्षा इथेच घेतली. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९८० च्या चित्रपटातला हिमग्रहही इथल्याच हिमनदीवर चित्रित झाला. स्थानकावर माझ्या डब्यातले निम्मे प्रवासी सायकली घेऊन उतरले. रेल्वे बांधताना सामान वाहण्यासाठी मजुरांनी डोंगरातून जी वाट काढली होती, तीच आता सायकलींची वाट झाली आहे. 'रालार' म्हणजे गावोगाव फिरून रूळ आणि बोगदे करणारा मजूर. त्यांच्यातले पुष्कळ स्वीडनहून आलेले होते. त्यांच्या नावाची ही 'रालारवेगेन' वाट इथून थेट फियोर्डच्या काठापर्यंत उतरते. उरलेल्या निम्म्यांबरोबर मी पुढे म्युरदालला गेलो. हे स्थानक ग्रावहाल्स बोगद्याच्या तोंडाशी आहे. ५.३ किलोमीटरचा हा बोगदा नसता तर बर्गनची गाडी डोंगराच्या याच बाजूला थांबली असती.

म्युरदालला गाडी बदलायची, कारण इथून फ्लॉम रेल्वेचा फाटा फुटतो. मुख्य मार्ग डोंगरमाथ्यावरून गेला खरा, पण खाली सोग्नेफियोर्डच्या काठी राहणाऱ्यांना त्याचा उपयोग काय? त्यांचा माल वर आणि वरचा माल त्यांच्या आगबोटींपर्यंत नेण्यासाठी ही शाखा काढली गेली. काम १९२० च्या दशकात सुरू झालं आणि गाडी धावली १९४० मध्ये. २० किलोमीटरमध्ये ती ८६० मीटरहून अधिक खाली उतरते. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, इथे तो १८ मीटरला एक आहे. तोही दात्यांच्या रुळाशिवाय, साध्या रुळांवर. वाटेतल्या वीस बोगद्यांपैकी अठरा हातांनी खोदलेले आहेत. एक बोगदा तर डोंगराच्या पोटातच वळसा घेऊन जिथे शिरला त्याच कड्यातून खालच्या अंगाला बाहेर पडतो.

मला सर्वांत नवल वाटलं ते नदीचं. दरी इतकी अरुंद आहे की रुळांना नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते, पण पूल मात्र दिसत नाहीत. अभियंत्यांनी रूळ जिथल्या तिथे ठेवले आणि नदीलाच बोगद्यातून रुळांखालून पलीकडे नेलं. हिमकडे कोसळणाऱ्या दरीत पूल टिकवण्यापेक्षा पाण्याची वाट बदलणं त्यांना सोपं वाटलं. वाटेत क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते. उन्हाळ्यात तिथे तुषारांमधून संगीत सुरू होतं आणि लाल कपड्यांतली एक बाई कड्यावर नाचू लागते. ही नॉर्वेच्या लोककथांमधली 'हुल्द्रा', माणसांना भुलवून डोंगरात नेणारी. तो पर्यटकांसाठी केलेला देखावा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी डबा रिकामा होतो. त्या धबधब्यावर वीजही तयार होते, आणि या रेल्वेचं विद्युतीकरण झालं ते त्याच्याच जोरावर.

फ्लॉम हे फियोर्डच्या टोकाचं गाव. वस्ती काही शेकड्यांत, आणि उन्हाळ्यात धक्क्याला लागणाऱ्या एकेका पर्यटक-जहाजातून उतरतात हजारो माणसं. जी रेल्वे शेतमाल आणि खतासाठी बांधली ती आज माणसांनाच डोंगर दाखवण्यासाठी धावते. इथली खरी वस्ती पाहायची तर थोडं बाजूला जावं लागतं. जवळच्या औरलान्दमध्ये हातांनी जोडे शिवणारा कारखाना आहे. बिनलेसचे, पुढे पट्टी असलेले जे जोडे १९३० च्या दशकात अमेरिकेत गाजले, त्यांचं मूळ रूप या गावचं मानलं जातं. एका कड्याआडच्या उंद्रेदालमध्ये माणसांपेक्षा शेळ्या जास्त. १९८८ मध्ये बोगद्यातून रस्ता येईपर्यंत हे गाव बाकीच्या जगाशी फक्त बोटीने जोडलेलं होतं.

उंद्रेदालचं नाव चीजसाठी आहे. शेळीच्या दुधाचं साधं चीज करून झालं की उरलेली निवळी टाकून देत नाहीत. ती तासन् तास आटवतात. दुधातली साखर करपून तांबूस होते आणि गोडसर, किंचित खारट अशी तपकिरी वडी तयार होते. तिचे पातळ काप पावावर ठेवून नॉर्वेची माणसं रोज खातात. तिच्यात साखर आणि स्निग्धांश इतके असतात की ती पेटू शकते. २०१३ मध्ये उत्तर नॉर्वेतल्या एका बोगद्यात २७ टन तपकिरी चीज घेऊन जाणारा ट्रक पेटला आणि ती आग पाच दिवस विझेना! तरीही नॉर्वेने बोगदे सोडले नाहीत आणि चीजही सोडलं नाही.

बोगद्यांचा राजा फ्लॉमपासून जवळच आहे. औरलान्द ते लॅर्दाल हा २४.५ किलोमीटरचा बोगदा २००० मध्ये सुरू झाला आणि तो जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा आहे. ओस्लो आणि बर्गन ही देशातली दोन मोठी शहरं हिवाळ्यातही, फेरीबोटीवर न चढता, रस्त्याने जोडायची हा त्याचा हेतू होता. बसमधून तो पार करायला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं अंधारात एकसारखी भिंत पाहत गाडी चालवणारा माणूस पेंगतो किंवा घाबरतो, हे ओळखून बांधकामाआधीच मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यात आला. म्हणून दर सहा किलोमीटरवर बोगदा अचानक रुंद होतो, एक मोठी गुहा लागते आणि तिच्यात निळा प्रकाश असतो, खाली कडेला पिवळा. डोंगराच्या पोटात पहाट झाल्यासारखी वाटते. रस्त्याच्या रेषेवर मुद्दाम खरखरीत पट्टे आहेत आणि हवेतली धूळ व विषारी वायू गाळणारी यंत्रणाही आतच बसवलेली आहे. इतकं करून या बोगद्याला टोल नाही.

पलीकडे लॅर्दालची दरी आहे. १७९३ मध्ये पुरा झालेला राजमार्ग, म्हणजे ओस्लो आणि बर्गन यांच्यातला गाडीने जाता येईल असा पहिला रस्ता, याच दरीतून खाली यायचा. दरीतलं बोर्गुंदचं लाकडी चर्च त्याच्याही सहाशे वर्षं आधीचं, साधारण ११८० च्या सुमाराचं. उभे खांब रोवून, फळ्या त्यांच्यात बसवून आणि वरून डांबर चोपडून बांधलेल्या अशा चर्चपैकी नॉर्वेत आज २८ उरली आहेत. बोर्गुंदच्या छपरावर क्रूसाबरोबर ड्रॅगनची मुंडकीही आहेत. नवा धर्म आला तरी सुतारांचे हात जुनेच होते. एवढं देखणं बांधकाम आज आडबाजूला वाटणाऱ्या दरीत का, याचं उत्तर वाहतुकीत आहे. पूर्वेकडची माणसं डोंगर उतरून पश्चिमेकडच्या मीठ-मासळीला भेटायची ती याच दरीत, आणि खालचं लॅर्दालसोय्री हे त्यांच्या बाजाराचं गाव.

परतताना बोगदा टाळून डोंगरावरचा जुना रस्ता धरला. ४७ किलोमीटरचा हा रस्ता १,३०६ मीटर चढतो आणि उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच उघडा असतो. त्याला 'हिमरस्ता' म्हणतात ते उगाच नाही. दोन्ही बाजूंना बसच्या खिडकीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती होत्या. औरलान्दकडे उतरताना स्तेगास्ताइन हा लाकडी सज्जा लागतो. फियोर्डच्या ६५० मीटर वर, कड्यापासून तीस मीटर पुढे काढलेला आणि टोकाला फक्त काच लावलेला. तिथून पाण्यावरची फेरीबोट दिसते आणि पलीकडच्या काठाला बिलगलेला रस्ताही दिसतो. खालून मी ज्या बोगद्यातून आलो तो मात्र अर्थातच दिसत नाही. एकाच डोंगराला इथल्या माणसांनी दोन उत्तरं देऊन ठेवली आहेत: घाई असेल तर पोटातून जा, वेळ असेल तर पाठीवरून.

पुढचा टप्पा पुन्हा पाण्याचा, फ्लॉम ते गुद्वांगेन. नॅरोयफियोर्ड ही सोग्नेफियोर्डची एक चिंचोळी शाखा २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सर्वांत अरुंद ठिकाणी तिची रुंदी अवघी २५० मीटर आहे आणि दोन्ही बाजूंचे डोंगर आभाळाला भिडलेले. आमची बोट २०१८ मध्ये बांधलेली 'फ्युचर ऑफ द फियोर्ड्स', पूर्णपणे विजेवर चालणारी. इंजिनाचा आवाज नसल्याने काठावरच्या धबधब्यांचा आणि शेळ्यांच्या घंटांचा आवाज डेकवर स्पष्ट येत होता. जहाजाच्या बाजूने वळणावळणाने वर जाणारी वाट केली आहे, डोंगरातली पायवाट डोळ्यांपुढे ठेवून. काठावर स्तिवी नावाचं जुनं शेतघर दिसतं. सुरुवातीला सांगितलेलं टपाल पोचवणाऱ्यांपैकी एक घर हेच. हिवाळ्यात फियोर्ड गोठलं की होडी चालत नसे, तेव्हा ही माणसं थैली पाठीवर टाकून काठाकाठाने चालत जात.

या शांततेमागे राजकारण आहे. उन्हाळ्यात मोठ्या जहाजांचा धूर दोन कड्यांमध्ये अडकून राहायचा. म्हणून नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठरवलं की वारशाच्या फियोर्डमध्ये २०२६ पासून जहाजांनी धूर सोडायचा नाही. प्रत्यक्षात लहान जहाजांना आधी आणि मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत देण्यात आली. दुसरी अडचण विजेची होती. गुद्वांगेनसारख्या खेड्याची तार एवढं जहाज झटपट भरू शकेल इतकी जाड नाही. त्यावर उपाय म्हणून धक्क्यालाच मोठ्या बॅटऱ्या असलेला तराफा बांधला. तो दिवसभर गावाच्या तारेतून सावकाश वीज घेतो आणि जहाज आलं की थोड्या वेळात ती त्यात ओततो.

गुद्वांगेनहून बस वॉसकडे चढते. वर स्तालहाइमला दरीच्या काठावर थांबलं की या प्रदेशाचं सर्वांत प्रसिद्ध दृश्य समोर येतं. योहान क्रिस्तियान दाल या चित्रकाराने १८४२ मध्ये ते रंगवलं, आणि जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म उन्हाळ्यामागून उन्हाळे इथे येत असे. दरीत उतरणारा तेरा वळणांचा रस्ता १८४० च्या दशकात टपालासाठी केलेला. त्याचा उतार काही ठिकाणी पाच मीटरला एक मीटर आहे. आजचा हमरस्ता अर्थातच बोगद्यातून जातो.

वॉसहून पुन्हा रेल्वे आणि मग बर्गन. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचं हे शहर चौदाव्या शतकापासून उत्तर जर्मनीच्या हान्सा व्यापाऱ्यांचं ठाणं होतं. उत्तरेच्या लोफोतेन बेटांवर वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा इथे यायचा आणि त्याच्या बदल्यात उत्तरेला धान्य जायचं. ब्रिग्गेन धक्क्यावरची लाकडी वखार १७०२ च्या आगीत जळली, तरी पुन्हा जुन्याच आराखड्यावर उभी राहिली. आज ती जागतिक वारसा आहे. वखारीच्या बोळांतून चालताना तिरप्या भिंती एकमेकींवर रेललेल्या दिसतात.

बर्गनच्या सात डोंगरांपैकी एकावर १९१८ पासून दोरीवरची रेल्वे चालते. एका दोराला दोन डबे जोडलेले असतात, एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाची मदत होऊन दुसरा चढतो. पर्यटक थेट माथ्यावर जातात. मधल्या थांब्यांवर मात्र दप्तरं घेतलेली मुलं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका चढ-उतर करत होत्या. शहराच्या सपाट भागात २०१० पासून ट्राम आहे आणि तिच्या प्रत्येक थांब्याची स्वतःची धून आहे. या ट्रामचा पैसा बऱ्याच अंशी शहरात येणाऱ्या मोटारींच्या टोलमधून आला. शहराभोवती टोलचं कडं उभारणारं नॉर्वेतलं पहिलं शहर बर्गनच, १९८६ मध्ये. ट्रामच्या नव्या मार्गासाठी लोव्हस्ताक्केन डोंगरात बोगदा खोदताना सुटकेसाठी शेजारी दुसरा बोगदा लागणारच होता. तो थोडा रुंद करून पादचारी आणि सायकलींना दिला. २०२३ मध्ये उघडलेला हा २.९ किलोमीटरचा बोगदा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी बांधलेला जगातला सर्वांत लांब बोगदा आहे. मी तो चालत पार केला. पाऊण तासात बाहेरच्या पावसाचा एक थेंब अंगावर पडला नाही.

बर्गनच्या धक्क्यावरून रोज एक जहाज उत्तरेकडे निघतं. १८९३ मध्ये रिचर्ड वीथ या कप्तानाने ही किनारी सेवा सुरू केली तेव्हा त्रोन्हाइमच्या उत्तरेला अवघे दोन सागरी नकाशे आणि २८ दीपगृहं होती. आज ही जहाजं रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेतात. पर्यटकांबरोबर माल आणि एका बंदरातून पुढच्या बंदराला जाणारी साधी माणसंही त्यांत असतात.

मी मात्र बसने उत्तरेला निघालो, सोग्नेफियोर्ड त्याच्या तोंडाजवळ ओलांडायला. ओप्पेदालच्या काठावर हमरस्ता पाण्यात शिरतो आणि तिथून पलीकडच्या लाविकला फेरीबोट जाते. याच मार्गावर २०१५ मध्ये 'अँपियर' ही बॅटरीवर चालणारी, १२० मोटारी नेणारी जगातली पहिली मोठी फेरीबोट सुरू झाली. गुद्वांगेनला पाहिलेली काठावरच्या बॅटऱ्यांची युक्ती आधी इथेच वापरली गेली. बोट वीस मिनिटांत पलीकडे जाते, सुमारे दहा मिनिटं वीज पिते आणि परत फिरते. मोटारींचे नंबर कॅमेरा टिपतो, पैसे नंतर आपोआप कापले जातात. प्रवासी वर जाऊन 'स्वेले' खातात, ही फेरीबोटींवरची जाड, मऊ घावनासारखी पोळी. तिच्या पोटात लोणी-साखर किंवा तेच तपकिरी चीज घालतात. समोर बसलेल्या बांधकाम-कामगारांनी ती बोट सुटताच मागवली आणि बोट लागायच्या आत संपवली.

या हमरस्त्यावरच्या फेरीबोटीही हळूहळू काढून टाकायच्या, असं नॉर्वेने ठरवलं आहे. दक्षिणेला स्ताव्हांगरजवळ समुद्राखालून सुमारे २७ किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. तो समुद्रसपाटीच्या ३९२ मीटर खाली जाईल. सोग्नेफियोर्ड मात्र इतकं खोल आहे की तिथे तळाखालून बोगदा शक्य नाही. पाण्यातच तरंगत ठेवलेल्या नळीतून रस्ता न्यायचा विचार अभियंत्यांनी कागदावर तपासून पाहिला आहे. तो प्रत्यक्षात येईपर्यंत लाविकची बोट चालत राहील.

या साऱ्याचा पैसा कुठून येतो, हा प्रश्न टाळता येत नाही. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात सापडलेल्या तेलाने हा देश श्रीमंत केला, आणि जगाला तेल-वायू विकणारा हाच देश घरी मोटारी आणि बोटी धबधब्यांच्या विजेवर चालवतो. ही विसंगती तिथली माणसंही नाकारत नाहीत. पण बर्गन रेल्वे आणि राजमार्ग झाले तेव्हा तेल नव्हतं, देश गरीब होता. डोंगराआडचं गाव तुटू द्यायचं नाही, हा हट्ट तेलाच्या आधीचा आहे.

प्रवाशाला एवढंच सांगेन: ओस्लोहून रेल्वे, बोट, बस, रेल्वे अशी तयार फेरी विकत मिळते आणि ती उत्तमच आहे. पण तिच्याबाहेर पडून निदान एकदा तरी कामावर निघालेल्या माणसांची साधी फेरीबोट घ्या. फियोर्ड हा रस्ता आहे, हे तिथेच कळतं.